दोनची कूस

रात्री दोनला मी मोकसेदला कुशीवर वळवते.
आधी लिपीला हाक, मग हात धुणं,
मग त्याला सांगणं: भाई, आता डावी.
झोपेत असला तरी सांगते.
अंग त्याचं आहे.

एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली,
टाचा अधांतरी राहतील अशी.
मग टॉर्च. माकडहाडावर नाण्याएवढा लाल डाग.
बोटानं दाबते. पांढरा होतो, परत लाल.
चालेल. पांढरा झाला नसता
तर महिनाभर पाठीवर झोपायचं नाव काढता आलं नसतं.

भैरवच्या घाटावर तो मिठाची पोती उतरवायचा,
डोक्यावर, होडीतून काठाला, एका फळीवरून.
फळी ओली होती. तो एवढंच सांगतो.
पोतं मानेवर आलं, हे दुसऱ्यांनी सांगितलं.
छातीखालचा मी कुठे गेलो,
असं पहिले तीन आठवडे रोज विचारायचा,
आणि मी रोज चादर वर करून दाखवायची.
हे बघ. इथेच आहे.

सकाळचं काम भेटायला येणाऱ्यांना सांगत नाहीत.
हातमोजा, जेल, एक बोट, आणि वाट बघणं.
तो भिंतीकडे तोंड करून हिलशाचे भाव सांगतो,
मी हं हं करते.
एकदा म्हणाला, दिदी, आईनंतर हे तूच केलंस.
म्हटलं, तुझ्या आईला पगार नव्हता.
दोघंही हसलो.
त्या दिवशी काम लवकर झालं.

मग ती शुक्रवारची पहाट.
ओरडला नाही. डोकं, म्हणाला, डोकं फुटतंय.
कपाळावर घाम, गळ्यापर्यंत लालबुंद,
आणि पाय गार, पायांवर काटा.
अशा वेळी आधी औषधाच्या कपाटाकडे धावायचं नसतं.
आधी बसतं करायचं, लुंगीची गाठ सोडायची,
मग शोधायचं, खाली कुठे काय अडलंय.
नळी.
त्याच्याच मांडीखाली दुमडलेली, पिशवी कोरडी.
मांडी उचलली, नळी सरळ केली,
आणि लघवी वाहायला लागली.
लिपी रक्तदाबाचे आकडे मोठ्यानं वाचत होती,
प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा हळू आवाजात.

मला काहीच कळलं नाही, तो म्हणाला.
अंगाला कळलं, मी म्हटलं.
त्याला आता सरळ बोलता येत नाही,
ते डोक्याच्या हाती निरोप धाडतं.

मी मांदी आहे, हालुआघाटच्या टेकड्यांखालची.
शाळेत पहिल्या वर्षी पोटात दुखलं
तेव्हा ते बांगलात सांगता येईना,
म्हणून मी बाकावर डोकं आपटलं होतं.
हे त्याला सांगितलं नाही.
चादर बदलली.

आता आलेया शिकते आहे, त्याची बायको.
घरी गेल्यावर दोन वाजता तीच उठणार.
ती त्याला दंडाला धरून ओढते.
कातडी घासते अशानं, मी म्हणणार तेवढ्यात तो:
पाठीनं नको गं. गुडघ्यात वाक.
ओझं अंगाशी घे. श्वास उचलायच्या आधी,
नंतर नाही.
बावीस वर्षं नव्वद-नव्वद किलो नेलं मी,
आता मी स्वतः पन्नासही भरणार नाही.
आम्ही तिघी गुडघ्यात वाकलो.
उचलला.
दहा वर्षं माझी कंबर का दुखत होती
ते मला तेव्हा कळलं.

हल्ली माझ्याआधी तोच जागा असतो.
घड्याळ त्याच्या समोर आहे.
दिदी, दोन, म्हणतो,
आणि पोटऱ्यांखालची उशी काल घसरली होती.

काल एक नवी पोर आली, घाईची.
आली तशी चादर ओढली, हात घातला.
थांब, तो म्हणाला.
कुठली कूस, ते आधी मला सांग.
ती माझ्याकडे बघायला लागली.
मी टॉर्चचे सेल बदलत होते.