काच पुसणे

वहीत तसंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात:
वासी उत्तरायण. रात्री आठ वाजून दहा.
शर्मिष्ठा, खालच्या दोन ताऱ्यांमध्ये ठिपका.
काच पुसणे.

चाळीस वर्षं दांडिया बाजारात चष्मे विकतो मी.
ठिपका दिसला की हात आधी खिशात जातो,
पिवळ्या फडक्याकडे.
डोळा मागाहून विचार करतो.

आणि त्यात ती रात्र कसली!
गच्च्यांवरून अजून ‘काप्यो छे’च्या आरोळ्या,
कुणाच्या तरी पतंगाच्या दोरीला तुक्कल बांधलेले,
कागदी कंदील एकाखाली एक, डुलत चढणारे,
आणि खाली वायव्येला कोयलीच्या रिफायनरीची ज्योत,
जिच्यामुळे तिकडचं आकाश कायम
चहा सांडलेल्या चादरीसारखं.
एवढ्या उजेडात साडेसात प्रतीचा कुणी
आपल्याला भेटायला येईल, असं वाटतं का कुणाला?

पुसली. दोन्ही भिंगं,
तोंडाची वाफ देऊन, गोल गोल, मधून कडेकडे,
गिऱ्हाइकाला शिकवतो तशी.
पुन्हा दुर्बीण उचलतोय तोवर
चोक्सींच्या गच्चीवर कुणी हॅलोजन लावला,
उंधियूचं बोलावणं आलं.
मी गेलो.
उंधियू चांगला झाला होता, हेही वहीत आहे.

तिसऱ्या दिवशी दुकानात फाल्गुनीबेनचा फोन.
मी एका मुलाच्या नाकावर फ्रेम बसवत होतो.
“शिर्केभाई, शर्मिष्ठामां नवो तारो देखायो!”
समुद्रापलीकडच्या कुणा पाववाल्यानं पाहिला म्हणे,
भट्टी पेटवून जरा बाहेर येऊन उभा होता.
तारीख सोळा.

सोळा.
माझं पान पंधराचं.

मुलगा म्हणाला, अंकल, कानामागे घट्ट होतंय.

रात्री फाल्गुनीबेन आमच्या गच्चीवर.
होता. जिथे मी पुसला होता, तिथेच.
त्या सांगत होत्या, नवा कसला, म्हातारा आहे तो,
विझून किती युगं झालेला, एवढासा,
शेजारणीचं वस्त्र ओढून ओढून अंगावर घेणारा,
आणि एक दिवस त्या चोरीच्या कपड्यांनीच पेट घेतला.
तो भडकला तेव्हा विश्वामित्रीच्या काठी
नुसते वड असतील. शहर नाही, दुकान नाही.
मगरी असतील. मगरींना कशाला दुर्बीण लागते.

पंधराचं पान पाठवा ना, त्या म्हणाल्या.
काय पाठवू?
जगातल्या पहिल्या माणसानं तो पाहिला
आणि फडकं मारलं?

मग रोज रात्री त्याची प्रत काढली.
एक तारा डावीकडचा, एक उजवीकडचा,
हा याच्याहून उणा, त्याच्याहून अधिक.
माझा धंदाच तो.
आता बरं दिसतं, की आधी?
आधी?
की आता?
आकाशाला विचारत बसायचो, आणि आकाशही
म्हाताऱ्या गिऱ्हाइकासारखं, दोन्ही सारखंच म्हणायचं.

आठ. साडेआठ. मध्ये चार दिवस ढग.
फेब्रुवारीत एकदा वाटलं, परत वाढला,
ते बहुतेक माझ्या मनातलं.
होळीच्या धुरात हरवला तो हरवलाच.
त्या दोन ताऱ्यांमध्ये आता पूर्वीसारखं काही नाही,
फक्त मला ते काही-नाही नीट ओळखता येतं.

हल्ली कुणी काउंटरवर चष्मा ठेवून म्हणालं,
शिर्केभाई, काचेवर कायतरी डाग दिसतो,
तर मी फडकं काढत नाही लगेच.
विचारतो, कुठे दिसतो?
कालही होता का?
मान हलवली की डागही हलतो?
लोक वैतागतात. हसमुख, माझा नोकर, तिकडे तोंड करून हसतो.

बहुतेक वेळा काचच मळकी असते.