खळ

मैदा दोन चमचे, पाणी वाटीभर,
चिमूटभर मोरचूद, झुरळांसाठी.
ढवळत राहायचं. गुठळी राहिली
तर चांदणीच्या पोटात गाठ धरते,
दिवसा दिसत नाही,
बल्ब लावला की दिसते.
हे इनास मामाने शिकवलं.
त्याची स्वतःची चांदणी दरवर्षी
डावीकडे कललेली असायची
आणि तो म्हणायचा, वारा आहे.

यंदा बांबू विकत आणला नाही.
समोर डिमेलोंच्या घराला परांची बांधली आहे,
रंगाला नव्हे, पाडायला.
मुकादमाने हातभर दोन तुकडे दिले,
हिरव्या जाळीची एक चिंधी दिली,
चहाचे पैसे घेतले नाहीत.
बांबूवर सिमेंटचे शिंतोडे होते,
पेन्सिलीने केलेली कुणाची तरी बेरीज होती, चुकलेली.
मी कामट्या तासल्या. बेरीज एका कामटीवर राहिली,
ती आतल्या बाजूला वळवली.
बोटात कुसळ गेलं, ते अजून आहे.

खराट्याच्या काड्या. सुतळीचा गुंडा.
तांदळाचं गोणपाट, ज्यावर अर्धा शिक्का
अजून वाचता येतो.
तीन करवंट्या, काथ्या काढून घासलेल्या.
त्यांना भोक पाडून दारात टांगायचं ठरवलंय;
कोळेकल्याणच्या आमच्या गल्लीवरून
विमान खाली उतरताना
त्या एकमेकींवर आपटतील,
घंटेचे पैसे वाचतील.

ओजस घाग, इयत्ता चौथी, चप्पल न काढता आत.
"रेमी मावशी, मेंढपाळ कुठेत?"
मेंढपाळ माळ्यावरून उंदरांनी पाडले.
एकाचं डोकं आहे, एकाचे पाय आहेत.
दोघांचा मिळून एक होत नाही,
मी जोडून पाहिलंय.

तो गेला. बुटाच्या खोक्यातून
दिवाळीच्या किल्ल्यावरचे पाच मावळे घेऊन आला.
"अरे, यांच्या हातात तलवारी आहेत."
"मोडू?"
"थांब."
तलवारीला खराट्याची काडी लावली,
वरून काथ्या गुंडाळला, खळ चोपडली.
पंख्याखाली तासभर ठेवली, काठी झाली.
खांद्यावर गोणपाटाची घोंगडी.
मिशा तशाच राहू दिल्या;
थंडीत राखण करणाऱ्याला मिशा असाव्यात.
तोफवाला बसूनच होता, त्याला उठवता येईना.
त्याची तोफ गोठ्यामागे सरकवली,
तिच्यावर कापूस चिकटवला,
आता ती झोपलेली मेंढी आहे.

नाचणी मी तेरा तारखेलाच पेरली होती
बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात.
"आम्ही अळीव टाकतो," तो म्हणाला,
आणि कोंबांवरून तळहात फिरवत बसला,
कुत्र्याच्या पिल्लावरून फिरवावा तसा.
जाळीच्या चिंधीचा डोंगर केला.
बैल मात्र मिळाला नाही.
त्याच्या जागी भावाने कुवेतहून पाठवलेला उंट
आडवा बसवला. लांबून चालतं.

चोवीसच्या संध्याकाळी चांदणी टांगली.
पतंगी कागद एका टोकाला कमी पडला होता,
तिथे पिवळ्याच्या जागी गुलाबी आलाय.
बटण दाबलं.
गाठ दिसली. बेरीजही दिसली,
कागदामागून, उलटी.
आणि चांदणी डावीकडे कललेली.
ओजस माझ्याकडे बघत होता.
"वारा आहे," मी म्हटलं.
पंखासुद्धा बंद होता.

मग तो गोठ्यापाशी उकिडवा बसला.
चार मावळे बाळाकडे तोंड करून नीट लावले,
पाचवा उचलला, फिरवला,
बाळाकडे पाठ करून उभा केला.
"असा का?"
"सगळेच आत बघत बसले तर
पहाऱ्यावर कोण?"

मी काही बोलले नाही. खळीचं भांडं
सिंकमध्ये भिजत घातलं.
तो तसाच उभा आहे, घोंगडी पांघरून,
खिडकीकडे बघत,
जिथून डिमेलोंचा अर्धा जिना दिसतो.