विनंती थांबा

पहाटे पाच दहाला समर्थ मंदिराच्या चौकात
भोईटे उभे असतात, एस.टी.तले रिटायर कंडक्टर.
खाकी उतरली, पण उजवा अंगठा अजून
तिकीट फाडल्यासारखा हलतो.
"चला, गाडी वेळेवर सुटली पाहिजे,"
आणि ओठांनीच वाजवतात टिंग टिंग.

मी पळते म्हणजे
चालण्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच.
बोगद्याजवळचं कुत्रं आधी भुंकायचं,
आता मानही उचलत नाही.

हे माझं नव्हतंच मुळात.
लेकीला कराटेला घातलं, गोडोलीच्या हॉलमध्ये.
ती तीन महिन्यांत कंटाळली.
गणवेश वाढत्या अंगाचा घेतलेला,
फी वर्षाची भरलेली.
"परत मिळणार नाही," शिकलगार सर म्हणाले,
"हवं तर तुम्ही या."
चेष्टेत म्हणाले असतील.
मी गेले.

वय त्रेचाळीस, पट्टा पांढरा,
पुढे सहावी-ब ची पोरं, मागे भिंत.
आरशात मी दिसले
कणीक मळताना दिसत असेन तशी,
फक्त ओढणी नव्हती.
गुद्दा मारताना ओरडायचं असतं.
"आवाज पोटातून, ताई, गळ्यातून नको."
पोटातून माझ्या आजवर एकदाच आवाज आला होता,
तो सिव्हिलमध्ये, आणि तेव्हाही नर्स म्हणाली होती, हळू.
बाकी मी वीजबिलाच्या खिडकीत बसते.
ओरडतात ते लोक. मी पावती सरकवते.

पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेत
काता अर्ध्यात विसरले.
हॉल गप्प. पंख्याचा तेवढा आवाज.
लोहारांची तनिष्का कुजबुजली, "काकू, डावा पाय,"
आणि मी नेमका उजवा टाकला.

दुसऱ्या दिवशी उठायला काहीच कारण नव्हतं.
लोक जिद्द जिद्द म्हणतात,
मला ती कधी भेटली नाही बाई.
मला भेटतो गजर,
आणि चौकात उभा एक म्हातारा,
जो मी नाही गेले तर
एकटाच घंटी वाजवून निघेल.
ते बरं दिसलं नसतं.

यवतेश्वरचा घाट भोईट्यांना
रूटसारखा पाठ आहे.
पहिलं वळण: "टपरी, उतरणारे उतरा."
दुसरं: "नुसतं झाड."
तिसऱ्या वळणावर पोटऱ्या पेटतात,
तिथे म्हणतात, "विनंती थांबा."
मी रोज विनंती करते.
गाडी रोज थांबत नाही.

खाली सातारा, दिवेच दिवे,
समोर अजिंक्यताऱ्यावर मनोऱ्याचा लाल ठिपका.
दिवे मी थकबाकीवरून ओळखते.
त्या दिवशी तेही सुचलं नाही.
नाकातून दोन पावलं आत, तोंडातून तीन बाहेर,
आणि मध्येच कुठेतरी
मी पळते आहे हे विसरून गेले.
किती वेळ, सांगता येणार नाही.
वळणं संपली तेव्हा वाईट वाटलं,
जिलेबीची परात रिकामी झाल्यावर वाटतं तसं.

देवळापुढच्या फरशीवर धुकं होतं,
फरशी ओली. बूट काढले.
काता सुरू केला, कुणी सांगितलं नव्हतं.
डावा पाय आपला आपण गेला,
गाय गोठ्यात जाते तसा,
आणि शेवटच्या गुद्द्याला तो आवाज आला,
पोटातून.
दरीपलीकडे एक कोंबडा दचकून आरवला.

भोईटे केळं सोलत होते.
"झालं का?" म्हणाले. "उतारावर गुडघे सांभाळा."
गुडघे सांभाळले नाहीत. दोन दिवस जिना
उलटा उतरत होते.
लेक हसली, मग म्हणाली, गणवेश दे, घालून बघते.
म्हटलं, तो आता माझा आहे.

अकरा वाजता खिडकीवर कुणीतरी ओरडतं,
युनिट, दर, तुमचं डिपार्टमेंट, सगळं.
मी खुर्चीखाली डावा पाय
वीतभर पुढे सरकवते,
श्वास घेते दोन पावलांचा,
आणि म्हणते, मीटरचा फोटो आणलाय का?