कित्ता

हडर्सफील्डला गालिच्यांच्या दुकानावर
जिना चढून डावीकडे आमचा स्टुडिओ.
खाली गालिचा आपटला की वर
बेसच्या तारा आपोआप थरथरतात,
म्हणून रेकॉर्डिंग साडेपाचनंतर.

चौघं आलेत. वयांची बेरीज दोनशे चाळीस.
पहिला अल्बम खपला नव्हता, दुसरा निघाला नव्हता,
आणि आता हा तिसरा:
याच गावातल्या 'पेपर फर्नेस'चा
एकोणीसशे त्र्याहत्तरचा अल्बम, जसाच्या तसा.
तेच सूर, तीच लय,
दोन गाण्यांमधली शांतताही तेवढ्याच सेकंदांची.

"मग लोकांनी मूळ तबकडीच ऐकावी की," मी म्हटलं.
माझं काम बटणं फिरवायचं; मत कुणी विचारलं नव्हतं.
लोर्ना थ्रेलफॉलने मफलर सोडला.
"तुझ्याकडे आहे?"
नव्हती.
पाचशे छापल्या होत्या,
त्यातल्या निम्म्या कुणाच्या तरी तळघरात भिजून गेल्या.

गिटारवाला ईमन घुश्शात.
त्याला प्रत्येक गाण्यात स्वतःची एक गिरकी हवी.
"आपलं काहीच नसेल तर बँड कशाला?
झेरॉक्सचं मशीन आणा."
मुद्दा बिनतोड होता.
मीही हेच म्हणाले असते, पण
इचलकरंजीत माझ्या वडिलांनी
एकच काठ तेवीस वर्षं विणला.
नमुना दुसऱ्याचा, माग मालकाचा, रंग गिऱ्हाइकाचा.
यात तुमचं काय, असं त्यांना कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा नाही.
बाजारात कुणाच्या अंगावरचं लुगडं पाहून
ते हळूच म्हणायचे, "हे माझं."
आई म्हणायची, "कशावरून?"

चौथ्या गाण्यात गडबड आहे.
तिसऱ्या कडव्याला ड्रम उशिरा येतो,
पापणी लवेल इतकाच.
कुणी म्हणतं, चहाचा ट्रे घेऊन कुणी दार उघडलं;
कुणी म्हणतं, हातातून काडी निसटली.
टेप महाग, पुन्हा वाजवणं परवडलं नसेल.

डेस्मंड आउथवेट, निवृत्त बस ड्रायव्हर,
जन्मभर वेळेवर.
त्याला उशीर करताच येईना.
सतरा टेक झाले.
कधी उशीर लवकर झाला, कधी फारच,
आणि बाकीच्या वेळी ठरवून केलेला,
जो लगेच कळतो, उसन्या रडण्यासारखा.
ईमन हसला. "चुकीचा कित्ता गिरवता येत नाही, बघा."

मी म्हटलं, कॉम्प्युटरवर सरकवते.
नव्वद मिलिसेकंद. कुणालाही कळणार नाही.
"मला कळेल," डेस्मंड म्हणाला,
आणि हेडफोन लावून मूळ गाणं ऐकत बसला.
एकदा. पुन्हा एकदा. मग नुसतीच ती जागा.
माझा चहा गार झाला.

"उशीर नाही झालाय त्याला," तो शेवटी म्हणाला.
"तो थांबलाय."

मी आवाज वाढवला.
टेपच्या खरखरीखाली, अगदी तळाशी,
गाणारीचा श्वास होता.
पुरला नव्हता तिला. तिने मध्येच घेतला,
आणि त्याने काडी हवेतच धरून ठेवली
तिचा होईपर्यंत.

पन्नास वर्षं आम्ही याला चूक म्हणत होतो.
आपल्या गिरक्या घेत वाजवलं असतं
तर आणखी पन्नास म्हणालो असतो.

अठराव्या टेकला लोर्ना श्वासाला अडली.
मुद्दाम की वयामुळे, विचारलं नाही.
डेस्मंड थांबला.

असे अल्बम काढावेत का?
दरसाल नकोत.
खपणार किती, तेही मला ठाऊक आहे:
चौघांचे नातेवाईक, आणि खालचा गालिचेवाला,
तोही भिडेखातर.

ईमनने सगळं हुबेहूब वाजवलं, तोंड पाडून.
फक्त शेवटच्या सुरावर
बोट जरा जास्त वेळ ठेवलं,
आणि काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं.

मी फायलीला नाव दिलं, तारीख घातली.
ते कापलं नाही.