गोगलगायीचं रिंगण

कोतेबा म्हणजे मोठी गोगलगाय.
ढोलाभोवती पोरं, पोरांभोवती बाया,
बायांभोवती म्हातारे;
शंखाच्या वळशासारखं गाव आत आत वळत जातं.
बाजरी घरात आली की जोलिबाच्या काठी,
सेगूपासून दोन कोसांवर,
ही रात्र उगवते.

यंदा सोंग निघालं साखरखाऊ आजाराचं.
फातोगोमा न्हावी झाला म्हातारी.
कमरेला बायकोचं फडकं, गळ्यात बियांची माळ,
घटाघट पाणी पितोय,
दर दुसऱ्या वाक्याला झुडपामागे पळतोय.
हसून हसून लोकांची मुरकुंडी.

(आमच्या परसात त्या जागी
मुंग्या जमायच्या. डॉक्टरच्या आधी
त्यांनाच कळलं होतं.)

मग आला सोंगातला मुलगा, मायाळू:
"डॉक्टरला काय कळतंय, आई?
घे, तिसऱ्या उकळीचा चहा."
आणि साखर ओतत सुटला,
मुठीनं, टोपीनं,
शेवटी पोतंच उपडं केलं.
मीही हसलो. हसता हसता
हात खिशात गेला.
चार खडे होते तिथं,
आईसाठी, रोजच्यासारखे.

पुढं म्हातारीनं निखाऱ्यावर पाय दिला.
ढोल थांबला.
सगळं गाव किंकाळीची वाट बघत राहिलं.
फातोगोमा तसाच उभा,
शेजारणीशी मिठाच्या भावाबद्दल बोलत.

विदूषकानं विचारलं, "कुणाचं चुकलं?"
"सुनेचं! गोळा केवढा वाढते!"
"मुलाचं!" ही तेनिन म्हातारी, काठी माझ्याकडे रोखून.
सितान नर्स रिंगणात आली.
म्हणाली, भांडण उद्या करा.
आज पाय बघा.
आणि सुईचं औषध ओल्या वाळूत,
पाण्याच्या रांजणाशेजारी.

घरी आई आधीच चपला काढून बसलेली.
"फातोगोमाला माझं चालणं जमत नाही,"
म्हणाली, "मी एवढी वाकून नाही चालत."
मी कोमट पाण्यानं पाय धुतले, पुसले,
बॅटरी धरून एकेक बोट उघडलं.
करंगळीखाली बाभळीचा काटा.
किती दिवसांचा, कुणास ठाऊक.
भोवती पिवळं झालेलं.

"दुखत नाही?"
"काय?"

चिमटा नको, सितानला बोलाव,
मी बायकोला म्हटलं.
खिशातले खडे तसेच, घामानं चिकट झालेले.
आई काही वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "ढोल का थांबवलास? वाजव की."
मी तिच्या रिकाम्या ग्लासावर
दोन बोटं आपटत राहिलो
सितान येईपर्यंत.