ठसा

कुरेसारेच्या वाचनालयात, तळघरात,
दर गुरुवारी माझं टेबल असतं.
रुसलेले प्रिंटर येतात, विसरलेले पासवर्ड,
ब्लूबेरीचं सरबत प्यायलेला एखादा कीबोर्ड.

लेलो आली ती लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून.
नवऱ्याचा, एन्डेलचा. तो मार्चमध्ये गेला.
"रोज पहाटे चारला जागा होतो हा," ती म्हणाली,
आणि क्षणभर मला कळेना, कोण.

शोधलं. एकच फाईल, नाव 'इल्म-सात'.
इल्म म्हणजे आमच्याकडे हवामान;
जुनी माणसं जगालाही इल्मच म्हणत.
प्रकाशक : अज्ञात. सही : नाही.
जन्म : फेब्रुवारीतली एक रात्र, तीन वाजून चाळीस.
वजन एखाद्या फोटोपेक्षाही कमी.

"उघडून बघ ना."
नाही.
एकदा बघितलं होतं मी उघडून.
पार्नूच्या शाळेत, 'बिल' नावाची फाईल, दोन टिचक्या,
आणि वर्षभराचे गुण, हजेरी, नाताळच्या नाटकाचे फोटो,
सगळं कुलूपबंद.
वर खंडणीची चिठ्ठी. व्याकरण अचूक.
तेव्हापासून ताक काय,
मी पाणीसुद्धा फुंकून पितो.

म्हणून आधी ठसा काढला.
फाईल मुंगीएवढी असो की डोंगराएवढी,
ठसा चौसष्ट अक्षरांचा;
आत एक स्वल्पविराम हलला तरी सगळाच्या सगळा बदलतो.
फाईल नाही पाठवली कुठे, फक्त ठसा.
दुसऱ्याच्या घरातलं आपण का वाटत सुटायचं?
जगभरच्या नोंदवह्यांत विचारलं. कुणी पाहिलेली नाही.
ना चोरांच्या यादीत, ना सावांच्या.

लेलो हसली. "हे तर आम्ही अळंब्यांना करतो.
टोपी कापायची, कागदावर पालथी ठेवायची,
वर पेला झाकून झोपून जायचं.
सकाळी कागदावर बीजाणूंची धूळ उतरलेली असते,
तपकिरी, गुलाबी. पांढरी असली तर जपून.
दिसायला काय, सगळ्याच गोड.
विषारी जरा जास्तच."

मग मी यंत्राच्या पोटातलं यंत्र उघडलं,
ज्याला बाहेरची वाट नाही,
जे मेलं तर सुतक नाही.
तिथे सोडली तिला. घड्याळ ढकललं पहाटे चारवर.
तापलेल्या मुलाच्या उशाशी बसावं
तसे बसून राहिलो दोघं.

तिने काही कुलूपबंद केलं नाही.
कुणाची पत्रं चाळली नाहीत, बँकेकडे वळूनही पाहिलं नाही.
फक्त एका पत्त्यावर हाक मारली.
तीस सेकंद थांबली.
पुन्हा मारली.
पुन्हा.

पत्त्यात नास्वा होतं, गावचं बंदर.
लेलो वाकून वाचू लागली, चष्मा कपाळावर तसाच.
"धक्क्यावर यंत्र होतं पाण्याचं तापमान सांगणारं.
यंदा बर्फानं नेलं. मग कुणी बसवलंच नाही."
आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता :
"बारा महिने पोहायचा तो. पहाटे. बर्फ फोडून.
मी विचारायची, आज किती गार असेल रे?
म्हणायचा, उडी मारल्याशिवाय कळतं का ते, लेलो?"

पंखा घुमत होता.

"लबाड," ती म्हणाली.
"चाळीस वर्षं मी त्याला शूर समजत होते."

माझ्या फॉर्मवर एक चौकट असते : सुरक्षित.
ती मी कधीच भरत नाही.
खाली लिहितो : धोका आढळला नाही.
या दोन वाक्यांमध्ये एक अख्खी शाळा मावते.
लेलोला हे सांगावं लागलं नाही.
तिच्या गावात कुणी अळंबीला 'चांगली' म्हणत नाही,
'मी खाल्ली होती' एवढंच म्हणतात.

"काढून टाकू?" मी विचारलं.
ती अभ्रा उलटा करून झटकत होती.
"राहू दे. मारू दे हाका.
फक्त तो पंख्याचा आवाज
जरा कमी होतो का बघ.
झोप मोडते माझी."