वर एक

गावात चर्चं तीन. एक कायम बंद,
दुसऱ्याच्या घंटेला तडा, ती खोकल्यासारखी वाजते.
पाहुणे येतात ते तिसऱ्यात :
सान बियाजिओच्या डाव्या भिंतीवर
सहाशे वर्षं जुना नरक आहे.

त्यात एक भटारी.
मानेवर तराजू, पारड्यांत निखारे,
मापात पाप केलेला.
नाक थेट चौकातल्या गुआल्तिएरोसारखं.

म्हणून त्याचा खापरपणजा, आजा, बाप
किलोमागे एक छोटा पाव
न मागता वर ठेवत आले. तोही ठेवतो.
आभार कुणी मानत नाही. देणंच ते.

मार्चमध्ये पेरूजाहून एक पोरगी आली,
परांचीवर चढून कापसाच्या बोळ्यांनी
मेणबत्त्यांची काजळी पुसत बसली सात आठवडे.
काजळीखाली तराजू नव्हताच.
जू होतं, बैलाचं.
निखारे नव्हते, ढेकळं.
शेजाऱ्याचा बांध कोरणारा कुणीतरी.
आणि नाक? ओलीनं फुगलेला गिलावा.

दुपारपर्यंत बातमी कारंज्यापाशी.
मोडक्या रोमन खांबावरचे म्हातारे गप्प झाले;
त्यांतल्या दोघांच्या जमिनी लागून आहेत.

संध्याकाळी गुआल्तिएरो स्वतः बघून आला,
भुवयांवर पीठ तसंच.
काय वाटलं, ते बायकोलाही बोलला नाही.

सकाळी एर्सिलियाबाईंनी किलोभर पाव मागितला.
त्यानं तोलला. हात जरा थांबला.
मग ठेवलाच, वर एक.

"ग्रात्सिए," बाई म्हणाल्या.
तो इतका गांगरला
की सुट्टे पैसे
कमी दिले.